बिनमनोऱ्याच्या चर्चमधली मंडळी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. खुर्चीवरच्या कपड्यांसारखे ते साठतात. एक टाकला की त्यावर दुसरा, आणि एक दिवस बघावं तर खुर्चीच दिसत नाही!

माझी ही खुर्ची म्हणजे आमच्या गावातली मेनोनाइट या छोट्या ख्रिस्ती पंथाची मंडळी. गाव जर्मनीतल्या गेर्लिंगेनहून बसने थोडं पुढे. ह्यांची नोकरी गेर्लिंगेनला, आणि मी दिवसभर घरात दीड वर्षाच्या ओवीला घेऊन काळजी करत बसलेली. ती शिंकली तरी काळजी, नाही शिंकली तरी काळजी. शेवटी हेच वैतागून म्हणाले, "अगं, गावातल्या चर्चमध्ये मंगळवारी प्लेग्रुप असतो. तिथे जाऊन काळजी कर. चार माणसं तरी भेटतील!"

*

गेले, तर चर्चच सापडेना. मनोरा नाही, घंटा नाही. प्रॅम ढकलत तीच गल्ली पुन्हा पुन्हा फिरले. एक उंच आजोबा कुंपण कापत होते. दम खायला भिंतीला टेकले आणि मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "चर्च कुठे आहे हो?"

"तुम्ही त्यालाच टेकला आहात."

हे गेरहार्ड आजोबा, मंडळीचे प्रमुख. त्यांनी सांगितलं, पूर्वी यांचा पंथ कुणालाच नको होता. इथल्या राजाने राहायला जागा दिली, पण अट घातली. प्रार्थना करा, पण रस्त्यावरून चर्च दिसता कामा नये! म्हणून अंगणाच्या मागे, साध्या घरासारखं बांधलं.

"आल्झो, तर मग, आमचे पूर्वज इतके छान लपले," आजोबा म्हणाले, "की आता नव्या माणसांना आम्ही सापडतच नाही!"

मी हसले, पण ते खरंच होतं. रविवारी जेमतेम दहा-बारा डोकी, बहुतेक सत्तरीच्या पुढची. प्रार्थनाघर चालू ठेवायचं, की कुलूप लावून शहरातल्या मोठ्या मंडळीत जायचं, हे या वर्षी ठरणार होतं. कुलूप लागलं की प्लेग्रुपही गेला. झालं, मला आणखी एक काळजी!

*

चिंचवडला सासूबाईंना वेगळीच काळजी. व्हिडिओ कॉलवर हळूच विचारतात, "सविता, ते लोक ओवीच्या डोक्यावर पाणीबिणी ओतत नाहीत ना गं? बाटवायला?"

मी फोन सरळ हिल्डा आजींसमोर धरला आणि प्रश्न जर्मनमध्ये सांगितला. हिल्डा आजी नव्वदीच्या, मंडळीत सगळ्यात मोठ्या. वॉकर धरून चालतात, पण प्लेग्रुपचा केक अजून स्वतः करतात. प्रश्न ऐकून त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "सासूबाईंना सांग, आम्ही स्वतःच्या बाळांवरसुद्धा पाणी घालत नाही. मोठं झाल्यावर ज्याचं त्याने ठरवायचं. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांना नदीत बुडवून मारलं, पण त्यांनी ऐकलं नाही."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. लहान पोरांना सर्दी होते!"

*

जुन्या काळी इथे प्रवचन कुणी द्यायचं हे चिठ्ठीवर ठरायचं. सगळ्या पुरुषांपुढे एकसारखी गाण्याची पुस्तकं ठेवायची, एकात चिठ्ठी. ज्याच्या पुस्तकात निघाली तो जन्मभर प्रवचनकार. पगार नाही, सुटका नाही!

ती एकदा गेरहार्ड आजोबांच्या आजोबांना निघाली. शेतकरी माणूस, चार लोकांत तोंड उघडायचा नाही. पुढच्या रविवारी उभा राहिला, घाम पुसला, म्हणाला, "बंधूंनो, आपसात भांडू नका." आणि खाली बसला.

"आमच्या मंडळीत झालेलं सगळ्यात चांगलं प्रवचन!" गेरहार्ड आजोबा सांगतात. "माझी सगळी धरून."

*

एक फजिती माझीही. रंगपंचमीला मी इंडियन शॉपमधून ओवीला पिचकारी आणली. भगवी, बंदुकीच्या आकाराची. प्लेग्रुपमध्ये पिशवीतून बाहेर काढली आणि सगळ्यांच्या माना वळल्या!

यांच्यात शस्त्र हातात धरत नाहीत. लढाईला जावं लागू नये म्हणून यांचे पूर्वज घरदार, शेती सोडून देशोदेशी गेले. आणि मी त्यांच्या प्रार्थनाघरात बंदूक घेऊन उभी! मला रडूच यायला लागलं.

पण कुणी रागावलं नाही. सगळे टेबलाभोवती बसले आणि पिचकारी हे शस्त्र आहे का यावर चर्चा सुरू झाली. कॉफी गार झाली, पुन्हा गरम केली, तरी चालूच. शेवटी ठरलं. पिचकारी चालेल, पण फक्त झाडांना पाणी घालायला. माणसावर नेम धरायचा नाही.

पुढच्या मंगळवारी पाहते तर गेरहार्ड आजोबा पाठीवर चिंब! मागे हिल्डा आजी, वॉकरच्या टोपलीत पिचकारी.

"हिल्डा! फक्त झाडांना असं ठरलं होतं ना?"

"हो ना," आजी म्हणाल्या. "तू वाळलेला दिसलास."

*

यांच्यात वाद्यांशिवाय गातात, चार वेगवेगळ्या आवाजांत. त्यातला टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गाणारे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. दुसरं कुणी नाही. पण त्यांची ओळ कुणी गाऊन टाकत नाही. जिथे ते एकटेच गायचे, तिथे सगळे थांबतात. तेवढा वेळ नुसतं शांत. मग पुढचं गाणं.

मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदाच रविवारी गेले, गाणं थांबलं, आणि नेमकं तेव्हाच ओवीने भोकाड पसरलं! तिचं तोंड दाबू की बाहेर पळू, मला कळेना.

समोरून हिल्डा आजी वळल्या. "राहू दे गं," म्हणाल्या. "टेनर मिळाला आम्हाला."

*

आणि ती सभा.

यांच्यात हात वर करून मत देत नाहीत. प्रमुख प्रस्ताव सांगतात आणि म्हणतात, "ज्याला मान्य नाही त्याने उभं राहावं." एक जरी उभा राहिला तरी ते होत नाही. कुणीच नाही राहिलं, तर झालं पक्कं.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे बसूनच राहिले. मी ओवीला मांडीवर घेऊन मागे. मी काही सभासद नाही, मी उभी राहून काय उपयोग? पण पाय नुसते शिवशिवत होते.

गेरहार्ड आजोबांचा आवाज एरवी खणखणीत, त्या दिवशी बारीक. "छत गळतंय. माणसं उरली नाहीत. प्रार्थनाघर बंद करावं, असा प्रस्ताव आहे. ज्याला मान्य नाही त्याने उभं राहावं."

कुणी बुटांकडे बघतंय, कुणी खिडकीकडे. कुणी हलेना. आजोबा थांबले. आणखी थोडं थांबले.

आणि वॉकर खडखडला. हिल्डा आजी उठत होत्या!

आदल्या हिवाळ्यातच त्या पडल्या होत्या. त्यामुळे सगळेच ताडकन उठले. एकाने दंड धरला, एकीने खुर्ची सरकवली, कुणी वॉकर धरला. गेरहार्ड आजोबा समोरून धावत आले. मागे मीसुद्धा उठले.

"हिल्डा, तुला मान्य नाही?" आजोबांनी विचारलं.

"मला टॉयलेटला जायचंय."

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. एकही माणूस बसलेला नव्हता.

"सगळेच उभे आहेत," ते म्हणाले.

"मग बसूया की," मागून कुणीतरी म्हणालं. पण कुणीच बसलं नाही.

आजोबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "मी पण उभाच आहे. म्हणजे कुणालाच मान्य नाही. बंद करायचं नाही. सभा संपली!"

मी ओवीला कडेवर घेतलं आणि आजींचा हात धरून त्यांना हळूहळू बाहेर नेलं. टॉयलेट डावीकडे. आजींचा वॉकर उजवीकडे वळला, थेट स्वयंपाकघरात.

"आजी, टॉयलेट तिकडे आहे!"

"माहीत आहे मला," आजी म्हणाल्या आणि कॉफीचं मशीन चालू केलं. "तू कप काढ."