एक कार्बोरेटर की दोन, हे कोण ठरवणार?

मंडळी, सकाळपासून हिंगोलीच्या एका गॅरेजमध्ये अडकले आहे. माझ्या जुन्या बीटलचं इंजिन मिस्त्रीने आल्याआल्याच खोललं, त्यामुळे गाडी घेऊन जाताही येईना.

मी म्हटलं, "जुना एकच कार्बोरेटर साफ करून बसव. दोन लावले तर त्यांचा मेळ कोण जुळवत बसणार? एकाचा स्क्रू मी स्वतः फिरवते."

"मावशी, दोन लावले की गाडी पळंल. थांबा, तुमच्या पोराला फोन लावून राहिलो."

पोरगा पुण्यात. ही गाडी त्याने कधी चालवलेली नाही. तो म्हणाला, "दोन लावा." लगेच दोन बसले.

आता इंजिन एका बाजूने खोकतंय. मी स्टिअरिंगवर बसले आहे आणि मिस्त्री पुन्हा पोरालाच फोन लावतोय.

तुमच्याकडे गाडी चालवणाऱ्या बाईला कुणी विचारतं का?