बचतीचा तास

निशी-कसाईतल्या घरून भल्या सकाळी निघाले तेव्हा मी भलतीच खुशीत होते. आमच्या बँकेनं स्वयंसेवक मागितले होते. उत्तरेकडच्या एका बंदरगावातल्या शाळेत जाऊन मुलांना पैसा, नोकरी, धंदा समजावून सांगायचा होता. सगळ्यांत आधी हात मी वर केला. मला शिकवायची भारी हौस, आणि जपानी जेमतेम येत असलं तरी दुभाषी म्हणून ऑफिसातले इतो-सान सोबत होतेच.

शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) झाली, मग एका डब्याची गाडी. बोगदा संपला आणि एकदम समुद्र दिसला, राखाडी आणि शांत. स्टेशनाबाहेर मासे वाळत घातले होते. शाळेच्या दारात बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घातल्या. त्या इतक्या मोठ्या की जिना चढताना एक निसटून खाली गेली. मुलं हसली, तेव्हा मला वाटलं, चला, गट्टी जमली.

वर्गात मी आपल्याकडच्या सवयीनं सुरुवात केली: प्रत्येकानं सांगा, बाबा काय करतात? भाषांतर करण्याआधी इतो-सान घुटमळले. "ते चोत्तो..." (जरासं...) एवढंच म्हणाले. इथं हे अर्धवट वाक्य म्हणजे नकार असतो, हे इतक्या वर्षांत मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "विचारा हो, मुलं खुलतात."

कुणाचे बाबा कोळी, कुणाचे बस चालवणारे, एकाचे न्हावी. मग हारुका नावाची मुलगी उभी राहिली. बाबा कामाला होते तो माशांचे डबे भरायचा कारखाना बंद झाला, आता ते घरीच असतात, म्हणाली. बाकीच्या मुलांनी माना खाली घातल्या. मला मात्र आयतं उदाहरण मिळालं. फळ्यावर तिचं घर काढलं, घरात येणारा पैसा पुसून टाकला, आणि बचत किती मोलाची ते रंगवून सांगितलं. तिला बस म्हणायचं राहूनच गेलं. माझ्याकडे बघत ती तशीच उभी होती. शेवटी वर्गशिक्षिकेनं हळूच खूण केली तेव्हा बसली.

दुपारचं जेवण (क्यूशोकु) मुलंच वाढतात. मी मासे खात नाही म्हणून भाताचे गोळे (ओनिगिरी) वेगळे केले होते. ते हारुकानंच आणून ठेवले, वाकून नमस्कारही केला.

स्टेशनवर सोडायला एक पालक गाडी घेऊन आले. हारुकाचे बाबा. हल्ली मोकळे असतात म्हणून शाळेची अशी कामं करतात. वाटेत त्यांनी विचारलं, लेक काही बोलली का? बोलली, छान बोलली, असं मी सांगितलं. ते खूश झाले. मग ते जे म्हणाले, ते इतो-साननी माझ्याकडे न बघता मला सांगितलं.

"एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. पण आज सकाळी म्हणत होती, बँकेतल्या बाई येणार आहेत, बाबांना काम कसं मिळेल ते त्यांना विचारते."

लाजेनं माझे कान तापले. उतरल्यावर ते वाकले, मीही वाकले, आणि मान वर करायचा धीर होईना.

घरी पोचले तर शेजारच्या वहिनींनी विचारलं, कसा झाला वर्ग? झाला, म्हटलं. हारुकाच्या बाबांना काम कसं मिळेल, हे मला माहीत नव्हतं. तेवढं तरी त्या मुलीला सांगता आलं असतं. मी तिला बचत शिकवून आले.