टाकीतलं शिळं पाणी

शर्लीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते ती नालासोपाऱ्याला आमच्या दारात उभी राहिली तेव्हा. खांद्याला रक्ताच्या नळ्यांची पेटी होती.

"सर, काल लॅबने दिलेला रिपोर्ट चुकीचा आहे. रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

"चूक कोणाची?" मी सवयीने विचारलं.

"माझी."

वर्गात हा प्रश्न मी आयुष्यभर विचारला. इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळालं.

आतून आमची प्रेमलता म्हणाली, "म्हणजे लिव्हर बिघडलं म्हणून यांना कालपासून पेज पाजतेय, ती उगाच?"

"पेज चांगलीच असते, काकू."

सुई टोचता टोचता तिने सगळं सांगितलं. ती जवळच्याच गास गावची. तिथल्या विहिरी खारट झालेल्या; घरात गोडं पाणी कोणी ओतून देत नाही, उरलेल्यातच ताजं भरतात. लॅबमधल्या तपासणीच्या मशीनला शुद्ध पाणी लागतं. त्याच्या टाकीतही ती तसंच करत आली. सुट्टीत ते पाणी साचून राहिलं आणि त्यात जिवाणू वाढले. हे जिवाणू जे द्रव्य सोडतात, तेच मशीन लिव्हरच्या एका तपासणीत मोजतं. आमच्याकडे आली त्या सकाळी प्रत्येकाचाच आकडा चढा दिसला, तेव्हा तिने टाकीत बोट फिरवलं. आतून बुळबुळीत लागली.

लॅबचे डॉक्टर मार्सेल म्हणाले होते, "फोन करून सांगू."

"फोनवर माणसं घाबरतात. मी जाते."

"तुझ्याकडे पुन्हा कोणी रक्त देणार नाही, शर्ली."

भीती तिलाही तीच होती. घर सांभाळायला तिचीच नोकरी होती. तरी ती घरोघर गेली आणि बोलणी खाल्ली. एका बाईंनी तर दारच लावून घेतलं. नवे नमुने तिने दुसऱ्या लॅबमध्ये पाठवले. टाकी आणि नळ्या जंतुनाशकाने धुतल्या आणि पाण्याच्या तपासणीत जिवाणू नाहीत असं येईपर्यंत मशीन सुरू करू दिलं नाही. आता रोज संध्याकाळी ती टाकी रिकामी करते. घरी आई क्लेमेंटीन हळहळते, "गोडं पाणी गटारात सोडतेस, बाय?" शर्ली हसते आणि दुसऱ्या संध्याकाळी लॅबमध्ये पुन्हा सोडते.

माझा नवा रिपोर्ट चांगला आला. पेज मात्र बंद झाली नाही.

शर्ली अजून त्याच लॅबमध्ये आहे. आमच्या गल्लीत रक्त घ्यायला तीच येते, आणि तेव्हा दार लावून घेतलेल्या बाईही आता तिलाच बोलावतात.