खांबाची जागा

जनीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "गुरुजी, आपल्या सुमनबाई गेल्या..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. अर्धी दाढी तशीच ठेवून मी ओट्यावर येऊन बसलो. बाई माझ्याहून बऱ्याच लहान. माझ्या आधी जायचं त्यांना काय नडलं होतं? महिना उलटला तरी या गोष्टीचा मला रागच येतो.

डिंभ्याच्या वर, आहुप्याच्या वाटेवरच्या वाडीत आमची दोन शिक्षकांची शाळा. नव्वदीच्या दशकात बाई तिथं बदलून आल्या. तोवर खेळाचा तास म्हणजे माझं सावधान-विश्राम, फार तर मुलांकडून अंगण झाडून घेणं. शाळेला मैदान नव्हतं, साहित्य तर नव्हतंच. बाईंनी भातकापणी झालेलं एक खाचर मागून घेतलं, पालकांकडून धसकटं काढून घेतली, राखेनं रेघा मारल्या. चिंध्यांचे चेंडू झाले, लांब उडीला पेंढा अंथरला. धाकटी भावंडं कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींनाही खेळायला मिळालंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ती भावंडं सांभाळायची नेमणूक अर्थातच माझी!

खो-खोला खांब हवे होते. मुलांनी हौसेनं देवराईत पडलेली दोन वाळकी खोडं ओढून आणली आणि वाडी खवळली. "बाई, देवाचं लाकूड हाय. तिथली काटकीबी भाईर काढायची नाय," जनीचे आजोबा धोंडूबाबा म्हणाले. आता पोरींना खेळायला धाडायचंच नाही, असंही ठरू लागलं. बाईंनी वाद घातला नाही. सगळी शाळा घेऊन खोडं परत नेली, होती तिथं ठेवली, नारळ फोडला. परतल्यावर जनीनं विचारलं, "बाई, आता आमचा खेळ बंद व्हय?"

बाईंनी पदर खोचला आणि रेघेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "मी खांब. गुरुजी, तुम्ही तिकडच्या टोकाला."

दुसऱ्या दिवशी धोंडूबाबा स्वतः जनीला घेऊन आले आणि खेळ संपेपर्यंत बांधावर बसून राहिले. पुढं त्यांनी आपल्या रानातली लाकडंही दिली, पण मुलं ऐकेनात. "आमाला बाईच पायजे." धावत आलेलं पोर बाईंच्या कमरेला हात घालून गर्रकन वळायचं. बाई जागच्या हलायच्या नाहीत. मी मात्र दर खेपेला भेलकांडायचो आणि सगळी खिदळायची.

शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना कूस बदलायलाही आधार लागत होता. "गुरुजी, खांब हलला बघा," म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही... बाहेर येऊन पोटभर रडलो.

दहाव्याचे विधी आटोपल्यावर जनी आणि तिच्याबरोबरच्या मुली, आता लेकुरवाळ्या झालेल्या, मला घेऊन त्या खाचरात गेल्या. भात निघालं होतं. कुणी काही ठरवलं नव्हतं. एकेक जण साडी सावरत ओळीत बसली, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. मी सवयीनं माझ्या टोकाला उभा राहिलो. समोरचं टोक मोकळं होतं. जनी धावत सुटली. तिथं पोचल्यावर तिनं रिकाम्या जागी हात लांब केला आणि बाईंच्या कमरेएवढी जागा सोडून वळली.