निळीतलं लोखंड

अकोल्याचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि आमच्या सासूबाईंच्या जिभेला तेच पाणी लागलेलं. अमरावतीहून मी त्या घरात थोरली सून म्हणून आले तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. धुणं माझ्याकडे होतं. मळ निघेना म्हणून मी धुण्याचा सोडा ओंजळीने टाकायची आणि शेवटी सासऱ्यांच्या पूजेच्या धोतराला बाजारातली स्वस्त नीळ द्यायची.

पहिल्याच महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी त्या धोतरावर तांबूस डाग उमटले. सासूबाईंनी ते चारचौघांत माझ्यापुढे धरलं. मी बाहेरची असून लपवलं आणि देवाच्या कपड्याला शिवले, असं त्यांचं म्हणणं. मी शपथा घेतल्या. नवरा वर्तमानपत्रामागून बाहेर आला नाही. लक्ष्म्या घरात आणायचा मान थोरल्या सुनेचा, तो धाकटीला गेला. धाकटी सासूबाईंच्या भावाची मुलगी, तेव्हा देवीलाही ती पसंत पडली असावी. माझी आई अमरावतीहून जेवायला आली होती. ती आत पंगतीत आणि मी गोठ्याशेजारच्या खोलीत. जाताना तिने मला दारातूनच विचारलं, "खरंच का गं?" सासूचं बोलणं मी गिळलं, आईचा तो प्रश्न अजून घशात आहे.

माझा भाऊ अमरावतीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. दिवाळीला मला न्यायला आला तेव्हा लाज सोडून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने सासूबाईंसमोरच एका चिंधीला नीळ दिली आणि वर सोड्याचं दाट पाणी ओतलं. निळा रंग उतरत गेला आणि तांबूस डाग मागे राहिला. या निळीत लोखंड सायनाइडशी घट्ट बांधलेलं असतं, तो म्हणाला, म्हणून ते विष आपल्याला बाधत नाही. सोड्याने रंग तुटतो आणि लोखंडाचा गंज कापडावर बसतो. आमच्याकडे गोड पाणी, सोडा लागत नाही, म्हणून डागही नाहीत. सोडा बंद करा, डाग बंद. सासूबाईंनी चिंधी उजेडात उलटसुलट करून पाहिली आणि "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, सुटले.

पुढच्या महालक्ष्म्यांना मी सोड्याला हात लावला नाही. धोतर तीन पाण्यांतून काढलं, नीळ दिली, स्वतः वाळत घातलं. दुपारी काढायला गेले तर तेच डाग. सासूबाई दोरीशीच उभ्या होत्या. त्यांच्या ओल्या बोटांना पांढरी पूड चिकटली होती. मी बोटांकडे पाहिलं, तरी त्यांनी हात लपवायची तसदी घेतली नाही.

"तुह्या भावानंच शिकवलं मले," त्या म्हणाल्या. "जाय आता, बस बाहेर."

मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. सुनेचं कोण ऐकतो? सासूबाई देवाच्या दिवशी स्वतःच्या नवऱ्याचं धोतर नासवतील, हे कुणाच्या मनातसुद्धा येईना.

दुसऱ्या दिवशी आई आली. मी सोडा बंद केल्याचं भावाने तिला कौतुकाने सांगितलं होतं. गोठ्याशेजारी मला पाहून ती क्षणभर थांबली, आणि या वेळी काही न विचारताच आत जेवायला गेली.