धुरीबाईंचा पहिला प्रश्न

आरोपी पहिल्यांदा समोर आला की कुठलाही वकील विचारतो, काय केलंस? विजया धुरी विचारायच्या, "काय येतं तुला?"

कोर्टाच्या व्हरांड्यात रडवेल्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न कळायचाच नाही. "बाई, शप्पथ, मी काय पण केलं नाय," अशी तो सुरुवात करायचा. बाई हात वर करून त्याला थांबवायच्या. "केलंस की नाही ते मागाहून बघू. आधी येतं काय ते सांग. गवंडीकाम? स्वयंपाक? ढोलकी?" मग काळ्या कोटाच्या खिशातून आवळासुपारी काढून त्याच्या हातावर ठेवायच्या. तो ती तोंडात टाकायचा आणि हळूहळू बोलायला लागायचा.

मी त्यांच्या समोरच्या बाजूचा, म्हणजे सरकारी वकील. अंधेरीला आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध उभं राहून घसा कोरडा केला आणि मग एकाच टपरीवर जाऊन तो ओला केला. चहाने, गैरसमज नको. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही. "काय सरकार, आज कोणाला आत टाकताय?" ही त्यांची सकाळची हाक. खटला हरल्या की "सरकारचा विजय असो" म्हणायच्या, आणि जिंकल्या की चहाचे पैसे मला द्यायला लावायच्या.

बाई राहायच्या वाकोल्याला. वडील मालवणकडचे, गिरणी कामगार. कोर्टात त्यांची मराठी अगदी चोख असे, पण राग आला किंवा माया दाटली की मालवणी वर यायची. त्या प्रश्नाचा उगम मी एकदा चहा पिताना विचारला. बाईंनी ग्लास खाली ठेवला. "गिरणी बंद पडली ना, तेव्हा घरी येणारा प्रत्येक माणूस बाबांना विचारायचा, काय झालं हो? कसं झालं हो? आता कसं करणार हो? एकाने पण विचारलं नाही, तुम्हाला येतं काय. बाबांना कितीतरी यायचं, सरकार. आवाज ऐकून ते मशीनचं दुखणं सांगायचे." मी दुसरा चहा मागवला.

'बिचारा' या शब्दाचा त्यांना भारी तिटकारा. कोणी आरोपीला बिचारा म्हटलं की खेकसायच्या, "बिचारा म्हटलं की माणूस बसूनच राहतो. कामाला लावा त्याला." पण कामाला लावायचं कसं? जुन्या कायद्यात दंड होता, तुरुंग होता. फार तर चांगल्या वर्तनाचं हमीपत्र घेऊन सोडता यायचं. बाईंच्या प्रश्नाला त्यात जागाच नव्हती. एकदा नळ चोरणाऱ्या एका रंगाऱ्यासाठी त्या भर कोर्टात म्हणाल्या, "साहेब, याला दंड करून काय मिळणार? याला भिंती रंगवता येतात. एखाद्या शाळेच्या भिंती द्या." साहेब हसले, मी हसलो, मागच्या बाकावरचे वकील तर मनसोक्त हसले. दंड झाला, तो त्याच्या बायकोने कुठून तरी आणून भरला. नंतर कित्येक महिने बाररूममध्ये बाई शिरल्या की कोणीतरी विचारायचं, "काय बाई, आमच्या घराला पण रंग द्यायचाय, कोणी चोर आहे का?" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग नवी न्याय संहिता आली आणि आमची सगळ्यांची तारांबळ उडाली. आयुष्यभर तोंडात बसलेले कलमांचे आकडे एका रात्रीत बदलले. चोरीचं तीनशे एकोणऐंशी गेलं, तीनशे तीन आलं. फसवणाऱ्याला आता चारसो बीसही म्हणायची सोय उरली नाही. आम्ही सगळे कुरकुरत जुन्या-नव्या कलमांचे तक्ते पाठ करत होतो, आणि धुरीबाई मात्र नव्या नवरीसारख्या खुललेल्या. पुस्तक माझ्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "वाचलंत सरकार? छापून आलंय." किरकोळ चोरी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. काम लोकांच्या उपयोगाचं हवं, त्याचा मोबदला मिळणार नाही, एवढंच कायदा सांगत होता. काम कसलं आणि कुठे, ते कोर्टाने ठरवायचं. मी म्हटलं, "झाडू मारायला लावतील, दुसरं काय." बाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

आणि मग हिराबाईचा खटला आला.

हिराबाई खारदांड्याची कोळीण. अंधेरीच्या बाजारात तिच्या सासूची जागा होती, ती सासूमागे हिला मिळालेली. जन्मभर तिने मासळी न तोलता, वाटे लावून विकली. पण आजूबाजूला टॉवर झाले आणि नवं गिऱ्हाईक "काटा कुठाय?" विचारून पुढे जाऊ लागलं. एका संध्याकाळी शेजारच्या कांदेबटाटेवाल्याचा इलेक्ट्रिक वजनकाटा ताडपत्रीखाली दिसला आणि हिने तो उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाजारात, स्वतःच्या ओट्यावर मांडून, ती त्यावर कोलंबी तोलत बसली. काट्याच्या खाली मालकाचं नाव रंगाने लिहिलेलं, ते तिने पुसलंसुद्धा नव्हतं. मालकाने तक्रार केली, काटा त्याला परत मिळाला आणि हिच्यावर खटला उभा राहिला.

तुरुंगाची हिराला भीती नव्हती. भीती जागेची होती. बाजारातल्या सगळ्या कोळणी जिचं ऐकतात, त्या गोदामावशीने जाहीर केलं होतं, "चोराच्या बाजूला मी बसायची नाय." आणि बाजारात ओटा चार दिवस मोकळा दिसला की दुसऱ्याची टोपली त्यावर सरकते. एकदा सरकली की ती परत मागे जात नाही. जागा गेली तर हिराचं घर बसलं. म्हणून ती बाईंना विनवत होती, "नाय घेतला असंच सांगा ना. माझ्या तोंडाने चोर म्हटलं तर संपलं सगळं."

"घेतलास ना?"

"घेतला."

"मग घेतला म्हणायचं. खोट्यावर जागा टिकत नाय गो. पुढचं माझ्यावर सोड." आणि मग अर्थातच, "आता सांग, येतं काय तुला?"

"मासळी विकते."

"तो धंदा झाला. येतं काय?"

हिराने बराच विचार केला म्हणे. शेवटी वैतागून म्हणाली, "ओरडता येतं!"

हिराने गुन्हा कबूल केला, आणि शिक्षेच्या मुद्द्यावर मी उभा राहिलो. त्या दिवशी मी चांगलं बोललो, हे मला आजही सांगावंसं वाटतं. शिक्षा दिसली पाहिजे, तरच तिचा धाक बसतो, असं म्हणून मी मागणी केली की, जिथे चोरी झाली त्याच बाजारात आरोपीने रोज सकाळी झाडू मारावा. साहेबांनी मान हलवली. आरोपीच्या पिंजऱ्यात हिराचा चेहरा पांढरा पडला.

धुरीबाई सावकाश उठल्या. "साहेब, त्या बाजारात झाडू मारणाऱ्या बायका रोज झाडू मारतात. तो त्यांचा मानाचा धंदा आहे, त्यांना बघायला कोणी गर्दी करत नाही. सरकारी वकील झाडू मागत नाहीयेत, गर्दी मागतायत. कायद्यात सेवा लिहिलीय. धिंड कुठे लिहिलीय ते त्यांनी दाखवावं."

मी पुस्तकात बघण्याचं नाटक केलं.

"मग तुमचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हिला ओरडता येतं."

कोर्टात खसखस पिकली. बाई ढिम्म. "ओरडता येतं आणि गर्दी आवरता येते. पालिकेच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीशी रोज सकाळी हजार भांडणं होतात. मी तिथल्या डॉक्टरांना भेटून आले. त्यांची तयारी आहे."

बाहेर व्हरांड्यात नेहमीचा कालवा चालू होता, शिपाई दोनदा "शांतता राखा" म्हणून आला होता आणि कोणी त्याला भीक घातली नव्हती. बाईंनी हिराकडे बघून नुसती मान हलवली. हिराने पदर खोचला.

"एऽऽ! सायब बोलतायत ना आत? गप बसा की जरा!"

व्हरांडा चिडीचूप झाला. शेजारच्या कोर्टातली साक्षसुद्धा थांबली, असं नंतर कळलं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि हसू आवरत आदेश सांगायला घेतला. महिनाभर, रोज सकाळी, त्या हॉस्पिटलात.

त्या दिवशीचा चहा मीच पाजला. पण शिक्षा म्हणून हा प्रकार मला काही पटला नव्हता. अंमलबजावणी कशी चालते ते बघायचं निमित्त काढून मी एका सकाळी हॉस्पिटलात गेलो, तर बाई तिथे आधीच हजर. आम्ही दोघं खांबाआड उभे राहिलो. हिराने एप्रन चढवला होता आणि खिडकीपासून फाटकापर्यंत सरळ रांग उभी होती. तापाची मुलं सावलीत, पोटुशी बाई बाकावर. एकाने रांगेत पिशवी ठेवून चहाला पळ काढला होता, तो परतला तेव्हा हिराने पिशवी त्याच्या हातात दिली. "आजारी कोण हाय, तू का पिशवी? मागं जा."

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी कोळीण लंगडत आली. नाकात भली मोठी नथ, डोळ्यांत दरारा. बाई माझ्या कानात कुजबुजल्या, "गोदामावशी."

गोदामावशी थेट खिडकीशी आली. "हिरे, गुडघा सुजलाय माजा. पुढं घे मला."

हिराने फाटकापर्यंतच्या रांगेवर नजर टाकली. तिची सगळी जागा, सगळं घर या म्हातारीच्या एका शब्दावर होतं. मी मनात म्हटलं, घेणार पुढे. कोणीही घेतलं असतं.

"मावशी, लायनीत रव."

"अगो, मी गोदा! तुझ्या सासूच्या बाजूला जन्म काढला मी!"

"म्हणूनच सांगते. आज तुला पुढं घेतलं तर हे सगळे म्हणतील, चोर ती चोरच. लायनीत रव."

गोदामावशी लाल झाली, पण वळली, आणि बडबडत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. हिरा आत गेली, स्टूल घेऊन बाहेर आली आणि रांगेच्या टोकाशी नेऊन मावशीला त्यावर बसवलं. रांग पुढे सरकली की हिरा यायची, मावशीला हात देऊन उठवायची, स्टूल पुढे सरकवायची आणि परत बसवायची. खिडकी येईपर्यंत तिने हे केलं. "मेली बाय जिंकली," बाई पुटपुटल्या आणि पदराने डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले होते, ते मी गर्मीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गोदामावशीने हिराच्या ओट्यावर सरकलेली टोपली स्वतः उचलून खाली ठेवली आणि ओटा पाण्याने धुतला. "ही जागा हिरीची हाय," एवढंच ती म्हणाली. बाजारात त्यावर अपील नसतं.

महिना संपल्यावर हॉस्पिटलचा अहवाल कोर्टात वाचला गेला. सेवा समाधानकारक, आणि खाली विनंती की, अशी आणखी एखादी व्यक्ती शिक्षा झालेली असल्यास कृपया आमच्याकडे पाठवावी. या वेळीही कोर्ट हसलं, पण त्या हसण्यात बाईंसाठी टाळ्या होत्या. रंगाऱ्यावरून टोमणे मारणारे वकील आता बाईंच्या बाकाशी येऊन विचारू लागले, "बाई, माझ्या माणसाला वायरिंग येतं, कुठे पाठवू?" बाई आधी त्यांना चांगलं झापायच्या आणि मग जागा सुचवायच्या.

आता बाई आमच्या कोर्टात नाहीत. थकलेल्या आईला गावी राहायचं होतं, म्हणून त्यांनी तिकडच्या कोर्टात जायचं ठरवलं. मी म्हटलं, तिकडे काय करणार? म्हणाल्या, "तिकडे पण चोर आहेत हो सरकार. आणि त्यांना माडावर चढता येतं!"

जाण्याच्या आदल्या रविवारी त्या मला बाजारात घेऊन गेल्या. हिरा आपल्या जागेवर ऐसपैस बसली होती, समोर गिऱ्हाइकांची झुंबड, शेजारी गोदामावशी. बाईंनी पापलेट निवडलं. हिराने सांगितलेला भाव ऐकून मी दचकलो.

"हिरे," बाई म्हणाल्या, "मी वकील ना गो तुझी?"

"कोर्टात वकील. हितं गिऱ्हाईक," हिरा त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "घ्यायचं तर घ्या, बाय. मागं लोक थांबलेत."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पर्स उघडली आणि पूर्ण पैसे मोजून दिले. रस्त्यावर येईपर्यंत त्या कशाबशा गप्प राहिल्या आणि मग एवढ्या मोठ्याने बोलल्या की रिक्षावाले वळून बघायला लागले. "एक रुपया सोडला नाय हो तिने! माका! माझ्याच अशिलाने!"

कोर्टात मी त्यांना कितीतरी वेळा जिंकताना पाहिलं होतं. पण पापलेटची पिशवी झेंड्यासारखी वर धरून भर रस्त्यातून चालणाऱ्या धुरीबाई मी त्या दिवशीच पाहिल्या.