सोवळ्यातली काच

गिरगावातील आमच्या चाळीत महिलांचे भजनी मंडळ आहे आणि माझी पत्नी त्याची प्रमुख आहे. गेल्या वर्षी दादरच्या भजनस्पर्धेत मंडळ ऐन रंगात असतानाच वेळ संपल्याची घंटा झाली. शेवटचा गजर अर्धवट राहिला आणि गुण कापले गेले. ते शल्य तिने वर्षभर जपले. दोन्ही हातांत टाळ असल्यावर मोबाइल पाहता येत नाही. म्हणून यंदा मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून वेळेत संपवायचेच, असा तिचा निश्चय होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालमीत शेजारणीचा टाळ नेमका त्या घड्याळावर आदळला आणि काच तडकली.

मी घड्याळ घेऊन दादरच्या एका घड्याळजीकडे गेलो.

"काका, ठेवून जा. परवा देतो."

"स्पर्धा उद्या आहे."

"मग काच घेऊन जा आणि घरीच बसवा. प्लॅस्टिकची आहे, हे कडं दाबलं की बसते. बसवणं सोपं आहे, साफ ठेवणं कठीण. आतून बोट लावायचं नाही. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. कडेला धरायची, पुसायची, लगेच बसवायची."

हे नियम ऐकून मला परम संतोष झाला. वाहायचे फूल हुंगू नये, नैवेद्यावर फुंकर घालू नये, निरांजन तोंडाने विझवू नये, हे मी जन्मभर पाळत आलो आहे. काच पुसणे हे मुळात सोवळ्याचे काम आहे, असा माझा सिद्धान्त झाला. सिद्धान्त झाल्यावर आचरण टाळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मी रेशमी सोवळ्यातच चौरंगापुढे बसलो. जुनी काच काढली, नवी काच सोवळ्याच्या सोग्याने घासली आणि कडे दाबले. आत एक पांढरा तंतू दिसला. पुन्हा काढली, अधिक घासली, बसवली. आता त्या तंतूला सोबत आली होती, आणि शेजारी बुक्क्याचा एक कण. जितक्या भक्तीने घासावे तितक्या भक्तीने ती काच घरातील यच्चयावत धूळ ओढून घेई. रेशमाने प्लॅस्टिक घासले की असेच होते, हे मला पुढे कळले. त्या क्षणी मात्र शुद्धी उणी पडते आहे, असेच मी समजलो.

"अहो, देवाची भांडी एवढी घासली असतीत तर मला चिंच भिजवावी लागली नसती," पत्नी म्हणाली.

"हात लावू नकोस. काच सोवळ्यात आहे."

"काच सोवळ्यात आणि घड्याळ उघडं. संध्याकाळी मनगटाला काय बांधू, चौरंग?"

रेशमाहून कडक असे ओले सोवळे. ते शास्त्राला धरून होतेच, शिवाय ओलाव्यात धूळ उडत नाही, हा व्यावहारिक लाभ. मी पंचा भिजवून नेसलो, मोरीत कढत पाण्याच्या बादल्या ओतल्या, दार लावून घेतले आणि त्या दाट वाफेत मलमलीच्या धुतलेल्या तुकड्याने काच पुसून बसवली. बाहेर आलो तेव्हा मी निथळत होतो, पण काचेआड एकही कण नव्हता.

"नवीन घेतलंत की काय?" पत्नीने विचारले. इतकी प्रशंसा मला बऱ्याच काळात लाभली नव्हती.

सभागृह वातानुकूलित होते, तेही अतिशय उदारपणे. मी पहिल्या रांगेत बसलो. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर पत्नीने मनगटाकडे पाहिले. मग टाळ सांभाळत घड्याळ पदरावर घासले. पुन्हा पाहिले, पुन्हा घासले. तेव्हा मला उलगडा झाला. मोरीतली वाफ मी घड्याळात कोंडून आणली होती, आणि त्या गारव्यात ती काचेवर आतून धरली होती. पदर तिथे पोहोचणार नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीचे वर्णन मी करणार नाही.

किती वेळ उरला हे कळत नाही म्हटल्यावर तिने लय वाढवली. मंडळातील एकमेव पुरुष, आमचे पखवाजवादक, आधी दचकले, मग मान खाली घालून तिच्यामागे धावू लागले. अभंग सरला. गवळण तर दही सांडेल अशा वेगाने गेली. गजर सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. बायका खाली उतरल्या, पाणी प्यायल्या, आपापल्या खुर्च्यांवर टेकल्या, आणि मग घंटा वाजली.

"या मंडळाची ऊर्जा वाखाणण्यासारखी आहे," परीक्षक म्हणाले. "फक्त पांडुरंगाला मध्ये थोडा श्वास घेऊ द्यावा."

तरीही वेळ पाळल्याचे गुण मिळाले आणि मंडळाला उत्तेजनार्थ पारितोषिक जाहीर झाले. ते भिंतीवरचे घड्याळ होते.

परतताना टॅक्सीत ते पत्नीच्या मांडीवर होते. मग न राहवून मी म्हणालो, "काचेवर बोटांचे ठसे दिसताहेत," आणि खिशातला रुमाल काढला.

तिने घड्याळ उचलून खिडकीच्या बाजूला घेतले.

"राहू देत ठसे," ती म्हणाली. "वेळ दिसतेय."